मानसिक आजाराच्या गोळ्या माणसं मध्येच का सोडतात?

सुरंगी
घरात मानसिक आजार असलेलं कुणी आहे त्यांना आणि स्वतः औषधं घेणाऱ्यांना, दोघांनाही विचारतेय. ज्यांनी कधीतरी गोळ्या बंद केल्या आहेत त्यांनी लिहिलं तर फारच बरं होईल.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य. लिथियमच्या गोळ्या नीट चालू असल्या की तो आमच्या घरातला सगळ्यांत समजूतदार माणूस असतो. दुकान सांभाळतो, आईला दवाखान्यात नेतो, उधारी वेळेवर फेडतो. आणि असं सगळं सुरळीत चालू असतानाच गोळ्या बंद करतो, कुणाला न सांगता. आम्हाला पत्ता लागतो तो त्याची झोप उडाल्यावर. मग पहाटे तीनला नातेवाइकांना फोन, दुकानात नको तेवढा माल, गिऱ्हाइकांशी भांडणं आणि शेवटी अ‍ॅडमिट.

दर वेळी घरात तेच वाक्य: "शिकलासवरलेला आहे, एवढंसुद्धा कळत नाही?" मला हे पटत नाही. २००५ साली अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या (भास आणि संशय होणारा आजार) औषधांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, केटी नावाचा. जवळपास दीड हजार रुग्ण होते. त्यातल्या ७४ टक्के लोकांचं ठरवून दिलेलं औषध १८ महिन्यांच्या आत बंद पडलं. काहींनी स्वतःहून सोडलं, काहींचं गुण येत नाही किंवा त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी थांबवलं. एवढे सगळे काय बेजबाबदार आहेत? काहीतरी कारण असणार आणि ते आपल्या नजरेला येत नसणार. ते समजून घ्यायचंय.

कासवगती
बरं वाटायला लागतं म्हणून. दुसरं काय? आपण अँटिबायोटिकचा कोर्स तरी कुठे पूर्ण करतो!

अबोली
धागा काढल्याबद्दल धन्यवाद. या विषयावर लोक बोलतच नाहीत. सविस्तर लिहिते नंतर.

राजापूरकर
आमच्या काकांची गोष्ट सांगतो. त्यांना कानात आवाज यायचे. शेजारी विहिरीत काहीतरी टाकतात असा संशय. पहिली पाच-सहा वर्षं देवऋषी, अंगारे, नारळ. मग एका खासगी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी हॅलोपेरिडॉल दिलं. आवाज कमी झाले खरे, पण काकांना एका जागी बसवेना. जेवताना उठायचे, पडवीत येरझाऱ्या घालायचे, रात्री अंथरुणात पाय झाडायचे. आम्ही म्हणायचो, आजार वाढला. काका म्हणायचे, "मला आतून कोणीतरी ढकलतंय." देवऋषी म्हणाला, बघा, मी सांगितलं होतं. काकांनी गोळ्या गोठ्यामागे फेकायला सुरुवात केली.

ती अस्वस्थता आजाराची नव्हती, औषधाची होती, हे पुढे रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दाखवल्यावर कळलं. औषध बदललं, सोबत एक गोळी दिली आणि येरझाऱ्या थांबल्या. त्यानंतर काकांनी औषध घ्यायला कधी कुरकुर केली नाही. म्हणजे ते आम्हाला सांगत होते आणि आम्ही त्याचाही अर्थ आजार म्हणूनच लावत होतो. मानसिक रुग्णाची हीच पंचाईत. तो काहीही बोलला तरी ते आजाराच्या खात्यात जमा होतं.

निळाई
@राजापूरकर, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं.

मी स्वतः औषधं घेते. घेत होते, सोडली, परत घेते. म्हणून लिहिते.

मला रिस्पेरिडॉन चालू होतं. विचार जागेवर आले, भीती गेली. पण पाळी बंद झाली. मग एक दिवस कपडे बदलताना लक्षात आलं की छातीतून दूध येतंय. लग्न झालेलं नाही, वय तेवीस. मला वाटलं, आता हे शरीरही माझं राहिलं नाही. ओपीडीत दर वेळी बाबा शेजारच्या खुर्चीत असायचे आणि डॉक्टर विचारायचे बाबांना: "काय म्हणते? झोपते ना? जेवते ना?" बाबा म्हणायचे, "हो, आता शांत आहे." सगळे मिळून दोन मिनिटं. मी त्या दोन मिनिटांत, बाबांसमोर, परक्या पुरुषाला छातीतून दूध येतं असं कसं सांगणार होते? त्यापेक्षा गोळी जिभेखाली धरून नंतर बेसिनमध्ये थुंकणं सोपं होतं.

पुढे एका बाई डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बाबांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, "पाळी नियमित आहे का?" एवढा एक प्रश्न. या औषधाने प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, हे सर्वज्ञात आहे, औषध बदलता येतं, असं त्यांनी समजावलं. मी रडले तिथेच.

@कासवगती, "बरं वाटतं म्हणून" हे उत्तर घरच्यांना सोयीचं असतं. त्यात आमच्या त्रासाचा कुठे उल्लेखच नसतो.

कासवगती
निळाई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. पण तरी एक विचारतो, दुखवायचा हेतू नाही. शुगरवाले आयुष्यभर गोळी घेतातच ना? मग याच गोळीचं एवढं ओझं का?

निळाई
सगळे डॉक्टर हेच उदाहरण देतात. मला ते कधीच पुरलं नाही. शुगरची गोळी डायनिंग टेबलवर मिठाच्या बाजूला असते, माझी कपाटात साड्यांखाली. पाहुण्यांसमोर "अगं, इन्सुलिन घेतलंस का" असं ओरडून विचारता येतं. आणि शुगरवाला चिडला तर त्याला कोणी "आज गोळी घेतली नाहीस का?" असं विचारत नाही. मला मात्र नुसतं मोठ्याने हसले तरी विचारतात.

अबोली
हे "गोळी घेतलीस का" प्रकरण आमच्याकडेही आहे. नवऱ्याशी साध्या गोष्टीवरून वाद झाला तरी बहिणीला हेच ऐकावं लागतं.

मुक्तछंद
सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. या गोळ्या माणसाला बधिर करून ठेवतात आणि औषध कंपन्यांना गिऱ्हाईक मिळतं. माझ्या मित्राने डिप्रेशनच्या गोळ्या बंद केल्या, विपश्यना केली, रोज टेकडी चढतो, आज ठणठणीत आहे. शरीर सोडायला सांगत असेल तर ऐकावं.

मंजिरी_मनोविकार
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते. इथे कुणाच्या औषधाबद्दल वैयक्तिक सल्ला देणार नाही, पण काही गोष्टी लिहायलाच हव्यात.

मुक्तछंद, तुमच्या मित्राला बरं वाटतंय याचा आनंद आहे. सौम्य नैराश्यात व्यायाम आणि समुपदेशनाने गुण येतो, यात वाद नाही. पण त्याच मापाने सुरंगीच्या भावाचा किंवा राजापूरकरांच्या काकांचा आजार मोजू नका. आणि कंपन्यांचं म्हणाल तर लिथियम हा साधा क्षार आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी त्याचा उन्मादावर होणारा परिणाम दाखवला. त्याच्यावर कोणाचं पेटंट नाही, स्वस्त आहे, आणि बायपोलरमध्ये त्याच्या तोडीची औषधं आजही मोजकीच आहेत.

आता मूळ प्रश्न. या औषधांचं वेळापत्रकच असं आहे की माणसाची फसगत व्हावी. नैराश्याची गोळी सुरू केली की मळमळ, अस्वस्थता, पोट बिघडणं पहिल्या दोन-चार दिवसांत. गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी. म्हणजे आधी सगळा तोटा, फायदा मागाहून. अनेक जण दहाव्या दिवशी सोडतात.

बंद करताना नेमकं उलटं. सायकोसिसची, म्हणजे भास आणि भ्रमांवरची, गोळी बंद केली की पहिले काही आठवडे माणसाला बरं वाटतं! सुस्ती जाते, तोंडातली लाळ कमी होते, अंग हलकं होतं, लैंगिक इच्छा परत येते. आजार लगेच उलटत नाही, काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उलटतो. मधल्या काळात त्याने मनाशी पक्कं केलेलं असतं की आपल्याला त्रास होता तो गोळीचाच. त्याच्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष आहे तो. त्याला मूर्ख म्हणून काय उपयोग? ही गोष्ट औषध सुरू करतानाच सांगायला हवी आणि आम्ही डॉक्टर गर्दीच्या ओपीडीत ती सांगत नाही.

काही रुग्णांत आपल्याला आजार आहे ही जाणीवच आजाराने पुसली जाते, हेही खरं. तो हट्ट नसतो. पण घरचे आणि डॉक्टर सगळ्याच रुग्णांना त्या एकाच खान्यात टाकतात आणि कारण विचारायचं थांबवतात.

नाना_मेडिकलवाले
आमचं औषधाचं दुकान तालुक्याच्या गावी. काउंटरच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

एक, माणसं दुकान बंद व्हायच्या वेळी येतात. कोणी नाही बघून चिठ्ठी पुढे करतात. शेजारी उभा असला तर आधी क्रोसिन मागतात, तो गेला की खरी चिठ्ठी. त्यांना मी स्ट्रिप वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, न सांगता.

दोन, महिनाअखेर. "नाना, आठच गोळ्या द्या." तीसच्या जागी आठ. पुढच्या आठवड्यात येतील, नाहीही. जेनेरिकमध्ये यातल्या बऱ्याच गोळ्या खूप स्वस्त पडतात, पण डॉक्टरांनी लिहिलेलीच कंपनी हवी हा आग्रह, कारण दुसरी खोटी असेल असं वाटतं.

तीन, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. गोळीचा रंग. तेच औषध, तीच मात्रा, कंपनी बदलली आणि पिवळी गोळी पांढरी झाली. ज्याला आधीच संशयाचा आजार आहे त्याला काय वाटेल? एका बाईंच्या मुलाने त्यावरून सहा महिने औषध घेतलं नाही. आता कंपनी बदलली तर मी पेशंटला समोर बसवून दोन्ही स्ट्रिपवरचं औषधाचं नाव वाचून दाखवतो.

आणि सवय लागते ही भीती. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांची सवय लागते, हे खरंच आहे. त्यांची विक्री आम्हाला वेगळ्या वहीत नोंदवावी लागते. पण लोक सगळ्याच गोळ्यांना "झोपेच्या गोळ्या" म्हणतात आणि सगळ्यांनाच घाबरतात.

मंजिरी_मनोविकार
नाना, तुमच्यासारखे केमिस्ट प्रत्येक तालुक्याला हवेत.

सवयीबद्दल एक पुरवणी. नैराश्याच्या गोळ्यांची नशा लागत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. पण पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन अशी काही औषधं एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. पेशंट म्हणतो, "बघा, सवय लागली होती." म्हणून थांबवायचं असलं तरी हळूहळू, डॉक्टरांना सांगून. आणि थांबवता येतं! पहिल्यांदाच आलेल्या नैराश्यात बरं वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिन्यांनी औषध कमी करण्याचा विचार करतात. प्रत्येक गोळी जन्मभराची नसते. हेही आम्ही सांगत नाही.

आशा_बीड
मी आशा कार्यकर्ती आहे, गावातली आरोग्यसेविका. बीड जिल्ह्यातलं गाव. इथे सगळं शहरातल्या लोकांचं चाललंय म्हणून लिहिते.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला जातं. परत येतात मार्च-एप्रिलला. ग्रामीण रुग्णालयात मानसिक आजाराची गोळी पंधरा दिवसांची, फार तर महिन्याची मिळते. पेशंट असतो सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात. गोळ्या आणायला कोण येणार? एका दिवसाचा खाडा पडला तर मुकादम उचलीतून पैसे कापतो. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाला दवाखान्यात जायचं तर दोघांची मजुरी बुडते.

माझ्या गावातल्या एका बाईला मी विचारलं, तुला गोळ्या लिहून दिल्या होत्या, सोबत दिल्या होत्या, घेतल्या का नाहीस? ती म्हणाली, "ताई, रातच्याला गाडी भराया उठवत्यात. गोळी खाल्ली की जाग येत नाही. मुकादम दारात शिव्या देतो. मग दोन घास आणि गोळी, का दोन घास आणि काम?" मी काय बोलणार. मी तिला नियमित औषध घेण्याचं महत्त्व सांगायला गेले होते.

नंतर मी आमच्या डॉक्टरांना सांगून तिची गोळी संध्याकाळी लवकर घ्यायची केली आणि डोस थोडा कमी करून बघितला. दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या म्हणून भांडले. तेवढ्याने तिचा तो हंगाम निभावला. सगळ्यांचा निभावत नाही.

सुरंगी
ताई, तुमचा प्रतिसाद पुन्हापुन्हा वाचला. तुम्ही भांडलात म्हणून तिला गोळ्या मिळाल्या. खूप खूप आभार.

माणदेशी
आम्ही सरळ वरणात कालवून देतो. माझ्या मेव्हण्याला कबूलच नाही की तो आजारी आहे. हातात गोळी दिली तर ताट भिरकावतो. वरणातून दिली की दीड महिन्यात माणसात येतो. कोणाला पटो न पटो, त्याची बायको-मुलं त्यामुळे वाचलीत.

निळाई
माणदेशी, तुमची अडचण समजते, पण मला हे वाचून धडधडायला लागलं. माझ्या आजारात मला अन्नात काहीतरी मिसळतात असंच वाटायचं. उद्या मेव्हण्यांना कळलं तर? त्यांचा संशय खरा ठरेल. मग ते तुमच्या हातचं पाणी तरी पितील का?

माणदेशी
आणि नाही दिलं तर तो कोयता घेऊन उभा राहतो, तेव्हा काय करू? तुम्ही लिहिता-वाचता, डॉक्टरला सांगू शकता. सगळे तसे नसतात ताई.

मंजिरी_मनोविकार
दोघांचंही खरं आहे, म्हणून हा प्रश्न इतका जड आहे. चोरून औषध देणं आपल्याकडे सर्रास चालतं आणि डॉक्टरही कधीकधी डोळेझाक करतात. धोके स्पष्ट सांगते. त्याला नकळत डोस कमी-जास्त होतो. अंग ताठरलं, घाम फुटला तरी त्याला कशाने होतंय ते कळत नाही, तो दुसऱ्या डॉक्टरला सांगू शकत नाही. वरून दारू प्यायला तर आणखी धोका. आणि बरा झाला तरी त्याला वाटतं आपण औषधाशिवाय बरे झालो, त्यामुळे पुढे पटवणं जवळजवळ अशक्य.

जिवाला धोका असेल तेव्हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ठरावीक मुदतीसाठी संमतीशिवाय भरती करण्याची रीत आहे, ती वापरा. तिथे शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी उघड बोलायची संधी मिळते. शिवाय रोजच्या गोळीऐवजी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं आहेत, फ्लुफेनॅझिन, हॅलोपेरिडॉलची. ती जुनी आणि स्वस्त आहेत. महिन्याचं पॅलिपेरिडॉनचं इंजेक्शनही आहे, पण ते महाग. रोज ताटावर होणारं भांडण त्याने टळतं. आणि औषध क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचंच एक) असेल तर वरणात कालवायचा विचारही करू नका. ते ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं तर परत अगदी छोट्या डोसपासून चढवावं लागतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासत राहाव्या लागतात.

माणदेशी
इंजेक्शनचं कोणी सांगितलं नव्हतं. विचारतो.

पणजीकर
गोव्यातून लिहितो. इथे 'संगात' नावाची संस्था १९९६ पासून काम करते. त्यांनी डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. पुढे स्किझोफ्रेनियासाठीही गोवा, सातारा आणि तमिळनाडूत असाच प्रयोग झाला, तो २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. गावातलाच कार्यकर्ता घरी जातो, औषधाच्या त्रासाबद्दल विचारतो, कामाधंद्याचं बघतो. चमत्कार झाला नाही, पण नुसत्या ओपीडीपेक्षा फरक पडला. आशाताईंनी जे एकटीने केलं ते व्यवस्थेने करायचं ठरवलं तर हे असं दिसतं.

ऋचा_टोरांटो
इकडे कॅनडात सगळं छान असेल असं वाटतं ना? ओंटारिओत डॉक्टरला दाखवायला पैसे लागत नाहीत, पण दवाखान्याबाहेरच्या गोळ्यांचे पैसे बहुतेक प्रौढांना नोकरीच्या विम्यातून भरावे लागतात. नोकरी गेली की विमा गेला, आणि या आजारात नोकरीच आधी जाते. माझ्या ओळखीच्या मराठी मुलाचं असंच झालं. तो दर सुट्टीत पुण्याहून सहा महिन्यांच्या गोळ्या बॅग भरून आणायचा.

इथे २००० सालापासून कायदाही आहे, वारंवार आजार उलटणाऱ्या रुग्णाला ठरलेले उपचार घेतच समाजात राहायची अट घालता येते. काही घरांना त्याचा आधार वाटतो. त्या मुलाला मात्र तो पोलिसी खाक्या वाटला आणि तो इंजेक्शन चुकवायला दुसऱ्या प्रांतात निघून गेला.

अबोली
मघाशी म्हटलं होतं सविस्तर लिहीन.

माझी बहीण लग्नाच्या दिवसापासून गोळ्या बंद करून बसली. आई-बाबांनीच सांगितलं होतं, "आता तिकडे नेऊ नकोस, कोणी बघितलं तर?" सासरी आठ माणसं, एक कपाट, नणंद सारखी आत-बाहेर. दुसऱ्या महिन्यात आजार उलटला आणि सासरच्यांनी फसवणूक केली म्हणून परत पाठवली. औषध चालू असतं तर त्यांना कदाचित कधी काही जाणवलंही नसतं, आणि सांगून लग्न केलं असतं तर लपवायचीच गरज नव्हती.

नंतर वकिलांकडून कळलं की हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे खरं, पण नुसतं निदान पुरत नाही. आजार इतका तीव्र हवा की सोबत राहणं अपेक्षितच करता येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच हे स्पष्ट केलंय. आमच्याकडे मात्र एका चिठ्ठीवरून संसार मोडतात. आणि मूल हवं असेल तेव्हा वेगळीच भीती. व्हॅलप्रोएट या बायपोलरच्या औषधाने गर्भाला खरोखर धोका असतो, त्यामुळे ते बदलावं लागतं. पण शेजारपाजारचे "सगळ्याच गोळ्या बंद कर" म्हणतात आणि बाळंतपणानंतरच्या सगळ्यात नाजूक काळात बाई औषधाविना राहते.

बहीण आता माहेरी आहे, औषधावर आहे, शिकवण्या घेते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे तिने आगाऊ निर्देश लिहून ठेवलाय: आजार उलटला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि तिच्या वतीने कोणी बोलायचं. तिने माझं नाव घातलंय, आई-बाबांचं नाही. त्यांना वाईट वाटलं. मला तिचं बरोबर वाटतं.

कासवगती
जरा अवांतर. उपवासाचं काय? माझी मावशी लिथियमवर आहे आणि निर्जळी एकादशी सोडत नाही.

मंजिरी_मनोविकार
अवांतर नाही, फार महत्त्वाचं आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. निर्जळी उपवास, जुलाब, मे महिन्यातलं ऊन, या सगळ्यांत धोका. आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही वाढतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, उलट्या, बोबडं बोलणं असं काही झालं तर लगेच दवाखाना. मावशींना म्हणावं, पाणी पिऊन एकादशी करा.

राजापूरकर
आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन. पांडुरंग त्यालाही उपवासच समजतो, पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे :)

रातराणी_७
वाचनमात्र होते, पण सुरंगीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून पूर्ण आलेलं नाही असं वाटलं म्हणून खातं उघडलं.

मला बायपोलर आहे. मी गोळ्या सोडल्या त्या त्रासामुळे नाही. मला ते दिवस परत हवे होते. उन्मादाच्या सुरुवातीचे दिवस कसे असतात ते कोणी बोलत नाही. चार तास झोपून ताजीतवानी, रंग जास्त गडद दिसतात, शब्द आपोआप येतात, सगळ्या जगावर प्रेम. मी त्या दिवसांत लिहिलेल्या कविता अजून लोकांना आवडतात. लिथियमवर मी बरी असते. नोकरी करते, भाजी निवडते, वेळेवर झोपते. आणि मला माझी आठवण येते. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, तो आजार होता. असेलही, पण मीच होते ना ती?

आज घेतेय, कारण त्या दिवसांच्या पाठोपाठ काय येतं तेही मी बघितलंय. मुलीने बघितलंय. पण मला काही गमवावं लागलंय हे एकदा कोणीतरी मान्य केलं असतं, तर मी कदाचित आधीच थांबले असते. नवीन डॉक्टरांनी ते मान्य केलं. तपासण्या करत करत डोस थोडा खाली आणला. कविता येतात आता, हळू येतात.

निळाई
रातराणी, तुम्ही खातं उघडलंत म्हणून खूप बरं वाटलं.

मुक्तछंद
रातराणी, हे माहीतच नव्हतं. मित्राशी पुन्हा बोलेन. त्याने गोळ्या डॉक्टरांना सांगून कमी केल्या होत्या की अशाच, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

सुरंगी
सगळे प्रतिसाद भावाला दाखवायचे की नाही यावर विचार करत होते. शेवटी आशाताईंचा आणि रातराणीचा दाखवला आणि विचारलं, "तू का सोडतोस?" बराच वेळ मोबाइलचं झाकण उघडून बसला होता. (तो मोबाइल दुरुस्त करतो.) मग म्हणाला, "हात बघ." सोल्डरिंगची बारीक लेखणी धरून दाखवली. टोक थरथरत होतं. एवढ्याशा चिपचा पाय पकडायचा तर दोन पाय जोडले जातात आणि बोर्ड जातो. दिवाळीआधी, लग्नसराईत काम वाढलं की तो गोळी सोडतो, हात स्थिर होतो, काम उरकतं. परत सुरू करेन म्हणतो, पण तोवर त्याला गरजच वाटेनाशी होते.

आम्ही घरात सगळ्यांनी त्याच्या हाताची थरथर बघितली होती. कमजोरी म्हणून आई शतावरीचं दूध देत होती.

तो आणखी एक म्हणाला, की जन्मभर घ्यायचं हे त्याने अजून मनाने स्वीकारलेलं नाही. त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, मी दिलंही नाही. मंजिरीताई, थरथरीवर काही असतं का?

मंजिरी_मनोविकार
असतं. पण आधी रक्तातली लिथियमची पातळी बघावी लागेल. रोजच्या देखभालीसाठी साधारण ०.६ ते १.० पुरते. तो वरच्या टोकाला असेल तर डोस कमी करून थरथर उतरू शकते. दिवसात डोस कसा विभागलाय ते बघतात, चहा-कॉफी किती ते विचारतात. दमा वगैरे नसेल तर प्रोप्रॅनोलॉल देऊन बघतात, बऱ्याच जणांना उपयोग होतो. सोबत थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या केव्हा झाल्या तेही बघा. एवढं करूनही जमलं नाही तर दुसऱ्या औषधाचा पर्याय आहे. त्याच्या डॉक्टरांना थरथर होते एवढंच न सांगता सोल्डरिंग जमत नाही असं सांगा. लेखणी घेऊन गेलात तरी चालेल. आणि आत बोलायचं त्याने, तुम्ही बाहेर बसा.

पातळीची तपासणी रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची. सकाळची गोळी असेल तर ती रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. बरेच जण सवयीने आधी घेऊन येतात आणि आकडा चुकीचा येतो.

सुरंगी
नोंद केली. मंगळवारची वेळ घेतलीय, दुकान अर्धा दिवस मी बघणार आहे.